सकाळी सहाला सर्व्हर का अडतो? प्रोमिथियस-ग्राफाना बसवल्याचा माझा अनुभव

आमचं सॉफ्टवेअर दूध संकलन केंद्रांसाठीचं आहे. काट्यावरनं वजन येतं, मशीनवरनं फॅट-एसएनएफ (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) येतं, दर लागतो, पावती निघते आणि सगळा डेटा क्लाउडवरच्या एका छोट्या मशीनवर जाऊन बसतो. तक्रार एकच पण चिवट. काही काही दिवशी सकाळी सहा-साडेसहाला पावतीच निघत नाही, मागं कॅन घेऊन लाइन लागलेली, आणि केंद्राच्या सचिवांचा फोन, "अहो साहेब, नुसतं चाक फिरतंय, लोक शिव्या घालाय लागल्यात." मी लॅपटॉप उघडून टॉप (कोण किती सीपीयू खातंय ते दाखवणारी कमांड) लावेपर्यंत गर्दी ओसरलेली आणि सर्व्हर एकदम साळसूद.

क्लाउडच्या पॅनलवर सीपीयूचा ग्राफ असतो, पण फुकटातला तो पाच-पाच मिनिटांचा, आणि मेमरी त्यात दिसतच नाही. म्हणून ठरवलं की आपलंच मॉनिटरिंग बसवायचं, आकडे गोळा करून ठेवायला प्रोमिथियस आणि त्यांचे ग्राफ दाखवायला ग्राफाना, तेही वेगळ्या मशीनवर. ज्याची तब्येत बघायची त्याच मशीनवर प्रोमिथियस टाकलं तर मशीन झोपल्यावर सांगणार कोण? २ जीबी रॅमचं एक मशीन त्याच नेटवर्कमध्ये घेतलं, त्यावर प्रोमिथियस आणि ग्राफाना, आणि अ‍ॅपच्या सर्व्हरवर फक्त नोड एक्सपोर्टर, म्हणजे त्या मशीनचे आकडे मांडून ठेवणारा छोटा प्रोग्राम.

प्रोमिथियस स्वतः जाऊन आकडे ओढून आणतं, सर्व्हर काही पाठवत नाही. त्यामुळं पोर्ट उघडायचा तो अ‍ॅपच्या सर्व्हरवर, ९१००, आणि तोही फक्त मॉनिटरिंग मशीनच्या प्रायव्हेट आयपीला. बऱ्याच व्हिडिओत हा पोर्ट सगळ्या जगाला उघडा ठेवायला सांगतात, कृपा करून ते करू नका, नोड एक्सपोर्टरला आपणहून काही पासवर्ड नसतो, कर्नलच्या व्हर्जनपासून डिस्कपर्यंत सगळं कुणालाही वाचता येतं. प्रोमिथियसच्या ९०९० चंही तेच. तो मी उघडलाच नाही, बघायचं असेल तेव्हा एसएसएच टनेल (लॉगिनमधनंच जाणारी सुरक्षित वाट) मारतो. ग्राफाना मात्र एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या मागं, सर्टिफिकेट लावून, आणि अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन हा पहिला पासवर्ड लगेच बदलून.

बाकी बसवणं तसं सोपं. सेटिंगच्या यामल फाइलमध्ये स्पेस इकडची तिकडं झाली की प्रोमिथियस उठत नाही, त्यामुळं रीस्टार्टच्या आधी सोबत येणाऱ्या प्रोमटूलनं फाइल तपासून घ्यायची, संपलं. ग्राफानात डॅशबोर्डचा नंबर १८६० टाकला की नोड एक्सपोर्टरचं तयार डॅशबोर्ड येतं. दिसायला जबरदस्त, पण इतके पॅनल की नेमकं बघायचं काय ते कळत नाही. मी त्याची कॉपी करून सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क एवढंच ठेवलं. मेमरीत 'फ्री' बघून घाबरू नका, लिनक्स उरलेली रॅम कॅशला वापरतं, बघायचं ते 'अव्हेलेबल'. आणि वेळेचं एक लक्षात ठेवा, प्रोमिथियसचं स्वतःचं पान यूटीसी दाखवतं, म्हणजे आपला सकाळी सव्वासहाचा चढ तिथं रात्री पाऊण वाजता दिसतो. ग्राफाना ब्राउझरची वेळ धरतं.

आता खरी गंमत. पहिल्याच वाईट सकाळी ग्राफ उघडला तर आमच्या अ‍ॅपचा सीपीयू जेमतेम, पण वरती 'स्टील' नावाचा जाडजूड पट्टा. स्टील म्हणजे आपल्याला सीपीयू पाहिजे होता पण हायपरव्हायजरनं (एका खऱ्या मशीनवर अनेकांची मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरनं) दिला नाही तो वेळ. आमचं मशीन स्वस्तातलं, क्रेडिटवालं. निवांत असताना क्रेडिट जमतात, काम पडलं की खर्च होतात, आणि संपले की डेटा पॅक संपल्यावर नेट रखडतं तसा सीपीयू रखडतो. पॅनलवरचा क्रेडिटचा ग्राफ काढला, पहाटेच शून्यावर.

पण मग रोज का नाही? इथं प्रोमिथियसचं डिफॉल्ट आडवं आलं, डेटा १५ दिवसच ठेवतं, तेवढ्यात महिन्याचा पॅटर्न कसा दिसणार. ही डेटा ठेवायची मुदत (रिटेन्शन) ९० दिवस केली. डिस्कची भीती होती, पण हिशोब केला तर साधारण हजार सिरीज (म्हणजे वेगवेगळे मोजले जाणारे आकडे), दर १५ सेकंदाला एक वाचन, म्हणजे दिवसाला ५७ लाखांच्या आसपास सॅम्पल, आणि एका सॅम्पलला सरासरी एक-दोन बाइट. ९० दिवसांचं मिळून एक जीबीच्या आतबाहेर. काहीच नाही.

महिनाभराचा ग्राफ एका स्क्रीनवर घेतल्यावर स्टीलचे सुळके बरोबर १, ११ आणि २१ तारखेच्या सकाळी. दूधवाल्याला लगेच कळेल, बिलं दहा दिवसांची असतात! दहाव्या दिवसाचं संध्याकाळचं संकलन संपलं की आमचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप सुटणारं काम) सगळ्या उत्पादकांच्या बिलांच्या पीडीएफ काढायला बसायचा, त्यानंतर बॅकअपची झिप, आणि पहाटेपर्यंत क्रेडिटचा चट्टामट्टा.

मोठं मशीन घ्यायची गरजच पडली नाही. सचिवांना विचारलं, "बिलं दुपारपर्यंत मिळाली तर चालतील का?" ते म्हणाले, "चालतील की, पैसे कुठं त्याच दिवशी जातात!" बिलांचं काम सकाळच्या संकलनानंतर, थोडं थोडं करून लावलं, बॅकअप त्याच्याही नंतर. पुढच्या ११ तारखेला स्टीलची रेघ सपाट, फोन नाही.

अलर्ट मोजकेच ठेवलेत. स्टील दहा टक्क्यांच्या वर सलग दहा मिनिटं राहिलं तर, आणि डिस्क सध्याच्या वेगानं चार दिवसांत भरेल असं दिसलं तर. 'सलग दहा मिनिटं' ही अट नक्की टाका, नाहीतर प्रत्येक छोट्या उचकीला मोबाइल वाजतो आणि मग आपण तो ग्रुप म्यूट करतो. प्रोमिथियसच्या जोडीच्या अलर्टमॅनेजरमधनं टेलिग्रामला थेट मेसेज जातो, फक्त ग्रुपचा चॅट आयडी उणे चिन्हासकट लिहायचा. शिवाय एक अलर्ट मुद्दाम कायम चालू ठेवलाय, तो बाहेरच्या एका सर्व्हिसला सारखा टोकत राहतो, टोकणं थांबलं की तिकडनं मला मेल येतो की मॉनिटरिंगच बंद पडलंय.

लॉग एका जागी गोळा करायला लोकी बसवायचं डोक्यात आहे, पण २ जीबीत प्रोमिथियस, ग्राफाना आणि लोकी तिघं सुखानं नांदतील असं वाटत नाही, तोवर लॉग बघायच्या जर्नलसीटीएल कमांडवरच भागवतोय. कुणी एवढ्याच रॅममध्ये चालवत असेल तर सेटिंग सांगा.