टोकापासून का नाही?

‘मॅडम, कॉपीच करायची तर एका टोकापासून सुरू करून दुसऱ्या टोकाला संपवायची ना?’ डीएनएचा धडा आला की दर वर्षी वर्गात कुणीतरी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

आधी हिशेब करू. बेकरीतल्या यीस्टचे क्रोमोझोम, म्हणजे डीएनएचे लांब धागे, १६. त्यातला चौथ्या नंबरचा घ्या, त्याची लांबी साधारण १५ लाख अक्षरं (डीएनएची अक्षरं चारच: ए, टी, जी, सी). नक्कल करणारी यंत्रणा मिनिटाला दोन-तीन हजार अक्षरं उरकते. तीन हजार धरली तरी ५०० मिनिटं, म्हणजे आठ तासांच्या वर. आणि पोटभर साखर मिळाली की यीस्ट दीड तासात एकाची दोन होते! म्हणून नक्कल मधूनच, बऱ्याच ठिकाणांहून सुरू होते आणि प्रत्येक ठिकाणाहून दोन्हीकडे सरकत जाते.

ही ठिकाणं कुठली, याचा पहिला धागा १९७९ साली स्टॅनफर्डमध्ये लागला. यीस्टच्या डीएनएचा एक तुकडा प्लास्मिडला, म्हणजे डीएनएच्या एका छोट्या सुट्या कड्याला जोडला, तर ते प्लास्मिड क्रोमोझोममध्ये न शिरता पेशीत स्वतंत्रपणे टिकलं, वाढलं. नक्कल स्वतःहून सुरू करू देणाऱ्या अशा तुकड्यांना एआरएस म्हणतात. पुढे त्यांच्यात ११ अक्षरांचा एक सामाईक शब्द सापडला, जवळजवळ सगळा ए आणि टी यांचा.

त्या शब्दातलं एकच टी मी शिकत असताना बदललं होतं. युरेसिल हे पोषकद्रव्य नसलेल्या प्लेटवर पेशी पसरून ३० अंशांवर ठेवल्या; तिथे प्लास्मिड टिकवणाऱ्या पेशीच वाढतात. तिसऱ्या दिवशी मूळ तुकड्याच्या प्लेटवर दाटीवाटीने कॉलन्या, लहानमोठ्या, कडा ओबडधोबड. बदललेल्याची प्लेट कोरी. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. परत मीडियम केलं, परत ऑटोक्लेव्ह लावला. परत कोरी.

मग वाटतं, झालं की, हा शब्द शोधत जायचं! तिथेच फसायला होतं. त्याच्याशी जुळणाऱ्या जागा जीनोममध्ये, म्हणजे यीस्टच्या सगळ्या डीएनएत, हजारोंनी आहेत, सुरुवात होते ती सुमारे चारशे ठिकाणी. शब्द लागतोच, पण शेजारही लागतो. आजूबाजूचे आणखी काही छोटे तुकडे हवेत, आणि डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला नसेल अशी मोकळी जागा हवी. तिथे ओआरसी नावाचा सहा प्रथिनांचा संच बसतो. तो बेल आणि स्टिलमन या शास्त्रज्ञांनी १९९२ साली शोधला. ओआरसी एमसीएम नावाच्या प्रथिनांची कडी डीएनएवर चढवायला मदत करतो. एकीला लागून दुसरी, अशी जोडी चढते. वेळ आली की याच कड्या दोन्ही दिशांना डीएनएचे पदर सोडवत जातात. त्यातही काही ठिकाणं लवकर उघडतात, काही उशिरा, आणि काहींची त्या फेरीत पाळीच येत नाही. शेजारून आलेली नक्कल त्यांच्यावरून निघून जाते.

यावर पुढचा प्रश्न हमखास येतो, ‘मग माणसात ती ११ अक्षरं कोणती?’ तशी नाहीतच. ओआरसी आपल्यातही आहे, पण तो असा ठरावीक शब्द बघून बसत नाही. हे सांगितलं की वर्गात पेनं थांबतात, वहीत काय उतरवायचं तेच कुणाला कळत नाही.