बाहेरच्या भिंतीवरील विजेचा पाइप आणि त्याचे सॅडल

मुंबईतील एखाद्या जुन्या इमारतीच्या मागच्या बाजूला उभे राहून वर पाहिले, तर विजेच्या पाइपांना भिंतीपेक्षा एकमेकांचाच आधार असल्यासारखे दिसते. जिन्यातील दिवे, पाण्याचा पंप, सीसीटीव्ही, गच्चीवरील टाकीचा फ्लोट स्विच यांच्यासाठी नव्या तारा ओढायच्या झाल्या, की भिंत फोडणे परवडत नाही आणि पाइप बाहेरून जातो. सोसायटीच्या सभेत पाइप कोणत्या कंपनीचा आणि मीटरला दर किती, यावर तासभर चर्चा होते. तो पाइप भिंतीवर कशाने आणि किती अंतरावर धरायचा, हा विषय मात्र निघत नाही. मुंबईच्या हवेत आधी निकामी होते ते सॅडल, म्हणजे पाइप भिंतीला धरून ठेवणारी पट्टी. पाइप आणि तारा यांची पाळी त्यानंतर येते.

अंतराबाबत आपल्याकडील संकेत स्पष्ट आहेत. वायरिंगसाठीचे भारतीय मानक आयएस ७३२ आणि राष्ट्रीय विद्युत संहिता यांच्या परंपरेनुसार भिंतीवरून जाणाऱ्या लोखंडी कंड्युटला (तारांच्या पाइपला) जास्तीत जास्त १ मीटरवर सॅडल हवे, आणि कप्लर (जोड) किंवा बेंड (वळण) आला की त्याच्या दोन्ही बाजूंना मध्यापासून ३० सेंटिमीटरवर एकेक सॅडल हवे. पीव्हीसीचा ताठ पाइप असेल, तर दोन सॅडलमधील अंतर ६० सेंटिमीटरपर्यंत कमी करण्याची शिफारस आहे, कारण तो उन्हात मऊ पडतो आणि दोन आधारांच्या मध्ये झोळ धरतो. मोबाइलवर व्हिडिओ पाहून कोणी १० फुटांचा आकडा पुढे केला, तर तो अमेरिकेच्या संहितेतील असून तेथील धातूच्या नळीसाठी आहे, हे लक्षात घ्यावे; अर्धा इंच ते एक इंचाच्या दरम्यानच्या पीव्हीसी पाइपला अमेरिकेतही साधारण ३ फुटांवर आधार लागतो. दोन्ही देशांच्या संहितांचे इंग्रजी नाव सारखेच असल्यामुळे हा घोळ वारंवार होतो.

अंतर मोजणे सोपे आहे. खरा प्रश्न आहे तो स्क्रू कशात रुतला आहे, याचा. आपल्या इमारतींना बाहेरून दोन थरांचा गिलावा असतो आणि त्याची जाडी सहज २० ते २५ मिलिमीटर भरते. त्यावर दुरुस्तीच्या वेळी चढवलेला आणखी एखादा थर असला, तर त्याहूनही जास्त. अशा भिंतीत ३५ मिलिमीटरचा स्क्रू मारला, तर विटेत जेमतेम त्याचे टोक पोहोचते आणि सगळा भार गिलाव्यावर येतो. चार पावसाळ्यांनी गिलावा पोकळ झाला, की स्क्रू, प्लग (भोकात स्क्रूला पकड देणारी गुल्ली) आणि मूठभर रेती एकदमच बाहेर येते. म्हणून किमान ५० मिलिमीटरचा स्क्रू आणि विटेत किंवा काँक्रीटमध्ये पूर्ण बसलेला प्लग, असे कोटेशनमध्येच लिहून घ्यावे. भोक पाडण्यापूर्वी हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवून पाहावी. बद्द आवाज आला, तर जागा बदलावी. विटांच्या सांध्यात भोक पाडू नये. सळया गंजून उभ्या भेगा पडलेल्या कॉलमवर तर ड्रिल लावूच नये, मग त्यासाठी पाइप थोडा वळवावा लागला तरी चालेल.

दुसरा शत्रू म्हणजे खारी हवा. दादर, वरळी, वांद्रे किंवा वर्सोवा येथे समुद्राच्या बाजूच्या भिंतीवर साध्या पातळ मुलाम्याचे सॅडल लवकर तांबूस होते आणि स्क्रूच्या भोकापाशी आधी तुटते, कारण तेथे मुलामा खरवडला गेलेला असतो आणि पाणीही तेथेच थांबते. शक्य असेल तेथे ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील वापरावे. त्यातील मॉलिब्डेनम या धातूमुळे ते क्षारांपुढे ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलपेक्षा अधिक टिकते. मात्र सॅडल स्टेनलेसचे आणि स्क्रू साधा लोखंडी, ही काटकसर करू नये, कारण दोन वेगळे धातू ओले राहिले, की त्यांतला सहज गंजणारा धातू, म्हणजे येथे लोखंडी स्क्रू, झपाट्याने झिजतो. पाइप भिंतीला चिकटून न राहता थोडा सुटा राहील, असे स्पेसरचे सॅडल घेतले, तर मागे पाणी आणि धूळ साचत नाही. लोखंडी कंड्युट असेल, तर त्याला अर्थिंग हवे आणि उघडे आटे गंजरोधक रंगाने झाकलेले हवेत.

पीव्हीसीचे प्रसरण आपण विसरतो. या पाइपची लांबी दर मीटरमागे, दर अंश तापमानाला साधारण ०.०७ मिलिमीटरने बदलते. पश्चिमेच्या भिंतीवर जानेवारीची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत ३० अंशांचा फरक धरला, तर १५ मीटरच्या सरळ पाइपला सुमारे ३ सेंटिमीटर जागा लागते. ती मिळाली नाही, तर पाइप कमानीसारखा फुगतो आणि सॅडल उपटतो. म्हणून सॅडल पाइपला आवळून टाकणारे नसावे, तर सरकू देणारे असावे, आणि लांब पट्ट्यात एक्स्पान्शन कप्लर, म्हणजे पाइपला लांबी बदलायला जागा देणारा जोड, बसवावा.

बाकीचे थोडक्यात. जंक्शन बॉक्समध्ये (तारा जोडण्याच्या डब्यात) पाइप शक्यतो खालून घ्यावा. भोकांभोवती पांढरे सिमेंट न लावता लवचिक सीलंट भरावे, नाहीतर खालच्या घराच्या भिंतीत ओल उतरते आणि पुढची सर्वसाधारण सभा त्यातच जाते. पांढऱ्या नायलॉनच्या पट्ट्या उन्हात ठिसूळ होतात, त्यांना आधार समजू नये. सांडपाण्याच्या किंवा गॅसच्या पिवळ्या पाइपला विजेचा पाइप बांधून टाकणे तर सर्वथा गैर आहे.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांनुसार असे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे लागते. मात्र परवाना पाहिला म्हणून तपासणी टळत नाही. परांची उतरवण्यापूर्वी समितीतील एकाने वर चढावे, टेपने अंतरे मोजावीत, प्रत्येक बेंडजवळचे सॅडल हाताने ओढून पाहावे आणि हलणारे सॅडल खडूने खूण करून त्याच दिवशी बदलून घ्यावे. एकदा बांबू खाली आले, की एका स्क्रूसाठी माणूस पुन्हा दोराने उतरवावा लागतो आणि त्याचा खर्च कोणी करायचा, हे करारात सहसा लिहिलेले नसते.