एका आलेखामागचे उंदीर

साथरोगांचे गणित शिकणाऱ्यासमोर कधी ना कधी मुंबईचा एक आलेख येतोच. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसे दगावली, त्याचे ठिपके त्यात आहेत आणि त्यांच्यामधून कर्मॅक व मॅकेंड्रिक या दोन संशोधकांनी १९२७ सालच्या निबंधात काढलेली रेषा आहे. मॅकेंड्रिक यांनी हिंदुस्थानात वैद्यकीय सेवा केली होती. कर्मॅक यांची दृष्टी मात्र १९२४ मधील प्रयोगशाळेतल्या अपघातात गेली होती, त्यामुळे ही रेषा त्यांना कधी पाहताच आली नाही.

त्यांचे सूत्र घेऊन मी ती रेषा कागदावर पुन्हा काढली. एप्रिलच्या मध्याला ती आठवड्याला ८९० मृत्यूंपर्यंत चढते आणि चढली तशीच उतरते. बाधा होण्याजोगी माणसे घटत गेली की साथ ओसरते, हे त्यामागचे तत्त्व. पण रेषेखालच्या मृत्यूंची बेरीज सुमारे ८,९०० भरते आणि १९०६ च्या गणनेत मुंबईची वस्ती पावणेदहा लाखांच्या घरात होती. लागण झालेल्यांपैकी बहुतेक जण दगावत होते, म्हणजे लागण शेकडा एकाच्या आसपासच झाली. तेवढ्याने साथीला माणसे मिळेनाशी झाली, हे मला पटत नाही. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या साथीचे प्रतिबिंब असल्याचे दोघांनीही त्याच निबंधात मोकळेपणाने मांडले होते, पण पुढे पाठ्यपुस्तकांतून रेषा तेवढी उरली.

खरी श्रीमंती साथीच्याच काळात प्लेगचा तपास करणाऱ्या प्लेग आयोगाच्या नोंदींत आहे. परळच्या प्रयोगशाळेत हजारो उंदीर तपासले गेले, आणि आठवड्यांचे आकडे लावून पाहिल्यावर क्रम असा दिसला, की आधी गटारांतल्या मोठ्या तपकिरी उंदरांत साथ चढते, मग घरातल्या काळ्या उंदरांत आणि त्यानंतर माणसांत. शिवाय प्लेग पसरवणाऱ्या, उंदरांवरच्या पिसवांना कडक उन्हाळा मानवत नाही. दरवर्षी पावसाळ्याआधीच प्लेग का ओसरू लागे, याचा मोठा भाग त्यात आहे.

हा क्रम लोकांनाही ठाऊक होता. घरात उंदीर मरून पडला की कुटुंबे बिऱ्हाड उचलून मोकळ्या जागी झोपड्या बांधून राहत. वेळीच बाहेर पडून वाचलेली ही माणसे मृत्यूंच्या नोंदीत कोठेच सापडत नाहीत, पण साथीची रेषा उतरवण्यात त्यांचाही वाटा असला पाहिजे, आणि सूत्रात त्यांच्यासाठी एकही अक्षर नाही.