इकॉनॉमिक्सवाल्याने पर्यावरणाचा मायनर का घेतला

पर्यावरणाचा प्रोजेक्ट म्हणजे काय असतो हे कुणाला सांगायची गरज नाही, सिनियरची वही उतरवायची, कव्हर तेवढं नवीन. 1991 ला पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने हा विषय शिकवा म्हणून सांगितलं, आणि आपण त्याची अशी वाट लावली. त्यामुळे मी इकॉनॉमिक्स मेजरला (मुख्य विषय) पर्यावरणशास्त्राचा मायनर (जोडविषय) घेतला तेव्हा पोरं म्हणाली, भावा फुकटचे क्रेडिट मारलेस की. आणि काका, "व्हय रं, आता झाडं लावत फिरणार काय?"

थिअरी खरंच बोअर आहे. 1987 चा शाश्वत विकासावरचा ब्रुंटलँड रिपोर्ट, यूएनची 17 शाश्वत विकास ध्येयं म्हणजे एसडीजी, पाठ करायचं, पेपरला ओतायचं, विसरायचं.

पण प्रॅक्टिकल लय भारी. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत असते, बाटली काठोकाठ भरायची, एक बुडबुडा राहता कामा नये, मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड पिपेटने पाण्याच्या आत सोडायचं, बूच लावून उलटीपालटी करायची आणि बघत बसायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका खाली बसतो, नसेल तर पांढराच राहतो. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या संगमाकडचं, म्हणजे पंचगंगेचं, पाणी मस्त तपकिरी झालं. शेजारच्या ग्रुपची बाटली शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या जयंती नाल्याची होती, ती पांढरी. पुढचं टायट्रेशन, म्हणजे नेमका आकडा काढायची पायरी, न करताच कळलं सगळं. (बीओडीला, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ते मोजायला, बाटल्या 27 अंशाला 3 दिवस ठेवतात, म्हणजे गुरुवारी लावली की रविवारी लॅबला हजर. इकॉनॉमिक्सवाल्यांना हे असलं सवयीचं नाही.)

आता गंमत बघा, आम्ही मेजरला एक्स्टर्नॅलिटी म्हणून आख्खं सेमिस्टर दोन रेघांमधला त्रिकोण रंगवत होतो, घाण करणारा वेगळा आणि खर्च सोसणारा वेगळा, एवढाच त्याचा अर्थ. इकडं तो खर्च नदीबरोबर खाली इचलकरंजीकडं वाहत जातो. 2012 ला तिथे दूषित पाण्यातून काविळीची साथ आली, माणसं गेली. त्यांची किंमत कुठल्या रेघेवर काढायची, हे मेजरच्या पुस्तकात नाही.

पुराचंही तसंच. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची 39 फूट इशारा, 43 फूट धोका ही पातळी कोल्हापुरात शेंबड्या पोराला पाठ आहे, 2019 आणि 2021 ला पाणी 55 च्या वर गेलं हेही. पण चर्चा दरवेळी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर येऊन थांबते. क्लासमध्ये नकाशा पसरला की पूररेषेच्या आत आपणच बांधलेली घरं, हॉल, पेट्रोल पंप दिसायला लागतात, मग जरा गप्प बसावं लागतं.

नोकरीचं विचाराल तर शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा रिपोर्ट, कंपल्सरी केलाय. त्यात पाणी, वीज, कचरा, कार्बन सगळ्याचे आकडे द्यावे लागतात, आणि आकड्यामागचं पाणी ज्याला कळतं असा कॉमर्स-इकॉनॉमिक्सवाला फार सापडत नाही.

फक्त ॲडमिशनच्या आधी सिनियरना विचारा, लॅब आणि फील्ड खरंच होतं का नुसत्या पीपीटी. पीपीटीच असतील तर सरळ स्टॅटिस्टिक्स घ्या.