पितळी रेझर, कोकमाचा साबण आणि लातूरचं पाणी

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात बाबांची दोन लेथ होती. ऑइल इंजिनांचे आणि पंपांचे सुटे भाग जॉबवर्कवर व्हायचे. सातला शटर वर करायच्या आधी बाबा मागच्या दारी आरसा टांगून दाढी करायचे. वाटीत गोल साबण, तांब्यात गरम पाणी आणि आजोबांकडून आलेला तीन तुकड्यांचा जुना जिलेट, एवढंच सामान. २०१५ साली त्या रेझरच्या मुठीतले आटे गेले. बाबा म्हणाले, "टाकू नकोस, नवी मूठ काढ."

पितळी सळईतून मूठ वळली, पकड यावी म्हणून वर नर्लिंग केलं, म्हणजे खरबरीत नक्षी पाडली, आणि आत एम-५ चा, म्हणजे पाच मिलीमीटरच्या आट्याचा, टॅप मारला. मूठ बसली, पण किंचित हलत होती. जुन्या जिलेटचा आटा इंची असतो, दहा-बत्तीस, म्हणजे दहा नंबरचा आणि इंचाला बत्तीस फेऱ्यांचा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एम-५ त्याच्या इतका जवळचा, की फसायला होतं. योग्य टॅप आणून दुसरी मूठ केली, ती घट्ट बसली. ती पाहून बाबांच्या दोन मित्रांनी आपापले रेझर आणून दिले. आमचा धंदा तिथून सुरू झाला.

नुसत्या मुठी करून भागेना, म्हणून अख्खा रेझर करायचं ठरवलं. बाहेरून ही वस्तू साधी दिसते: वर टोपी, खाली पट्टी, मध्ये ब्लेड. पण ब्लेड असतं मिलीमीटरच्या दहाव्या भागाइतकं जाड. टोपी आणि पट्टी आवळली की ते वाकतं आणि त्या बाकामुळेच धार स्थिर राहते. धार आणि पट्टीच्या कडेतली फट किती, यावर रेझर सौम्य की जहाल ते ठरतं. आम्ही ०.६८ मिलीमीटर धरली.

पहिल्या खेपेला ४० नग केले. एका गिऱ्हाईकानं फोन करून सांगितलं, डाव्या गालाला मऊ लागतो आणि उजव्याला कापतो. रेझर परत मागवून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घातली तर एका बाजूला ०.६, दुसऱ्या बाजूला ०.९. टोपीच्या दोन पिना भोकांत ढिल्या होत्या, त्यामुळे ब्लेड तिरकं बसत होतं. बाबांनी ४० च्या ४० नग टेबलावर ओतून एकेक तपासला. "पंपाचा पार्ट चुकला तर पार्टी माल परत पाठवती. हितं माणसाचा गाल हाय," एवढंच बोलले. २३ नग भंगारात गेले. त्यानंतर भोकं नेमक्या जागी पडावीत म्हणून जिग, म्हणजे साचा, केला आणि ड्रिलनंतर भोक अचूक मापाचं करायला रिमर फिरवायला लागलो. आजही प्रत्येक रेझरमध्ये ब्लेड घालून तो खिडकीच्या उजेडात धरतात ते बाबाच. फटीतला उजेड दोन्हीकडे सारखा दिसला, तरच नग डबीत जातो.

त्या पहिल्या वर्षी सगळ्या खेपा मिळून आम्ही ३७ रेझर विकले. जिलेटच्या कंपनीनं १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर विकले होते. हे वाचलं तेव्हा मला फार धीर आला होता.

साबणाकडे वळलो ते गिऱ्हाइकांमुळे. रेझर चांगला आहे, पण ट्यूबमधल्या फेसावर तो नीट चालत नाही, असं बरेच जण सांगायचे. लोखंड-पितळ हाताळणाऱ्यांनी साबण कसा करायचा, असा प्रश्न घरात निघालाच. पण कुलुपं बनवणारे अर्देशीर गोदरेजही साबणाकडे वळले होते आणि वनस्पती तेलाच्या त्यांच्या साबणाचं नाव 'चावी' होतं. म्हटलं, करून बघू.

दाढीच्या साबणाला स्टिअरिक आम्ल भरपूर लागतं. फेस दाट होतो आणि टिकतो, तो त्याच्यामुळे. खोबरेल फेस पटकन उठवतं, पण एकटं खोबरेल असलं तर तो तसाच पटकन बसतो. आईचं माहेर कुडाळकडचं. टाचेच्या भेगांना लावायला तिच्याकडे कायम मुठेलाचा गोळा असायचा, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, थंडीत दगडासारखं घट्ट. त्याच्यात निम्म्याहून जास्त स्टिअरिक असतं, हे कळलं तेव्हा मी आईचा गोळाच उचलला. पहिली वडी त्याचीच.

अंघोळीचा साबण कॉस्टिक सोड्यावर होतो. दाढीच्या साबणात बराचसा कॉस्टिक पोटॅश घालतात, कारण पोटॅशचा साबण थोड्या पाण्यातही चटकन विरघळतो. कोकमतेल, खोबरेल, थोडं एरंडेल आणि स्टिअरिक ७५ ते ८० अंशांवर वितळवायचं आणि त्यात कॉस्टिकचं पाणी सोडायचं. स्टिअरिक कॉस्टिकला क्षणात धरतं, बघता बघता पातेल्यात शिरा होतो आणि कालथा हलेना. पहिल्यांदा मी घाबरून गॅस बंद केला होता. आता त्याच वेळी आच मंद ठेवून ग्लिसरीन घालतो आणि ढवळत राहतो. दुसरी चूक हिशोबाची झाली. बाजारातला पोटॅश शंभर टक्के नसतो, आमचा ९० टक्क्यांचा होता. ते न धरल्यामुळे अख्खी खेप तेलकट राहिली.

गल्लीतल्या सलूनवाल्या काकांनी मात्र पुस्तकात नसलेली गोष्ट शिकवली. ब्रश आधी झटकून घ्यायचा, वडीवर अर्धा मिनिट फिरवायचा आणि मग पाणी थेंबाथेंबानं वाढवायचं. फेसात मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालं. दह्यासारखी चकाकी आली की लावायचा. प्रत्येक डबीत हे कागदावर छापून देतो.

साबणाच्या परवान्यात आठ महिने गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि पार्सलं तशीच पडून राहिली. ते दिवस कठीण होते, पण निभावले.

खरी परीक्षा लातूरच्या एका शिक्षकांनी घेतली. "तुमच्या साबणाला फेसच येत नाही," असा त्यांचा निरोप आला. आमच्याकडे नळाच्या पाण्यावर ब्रश भरून फेस यायचा, म्हणून आधी वाटलं त्यांचीच पद्धत चुकत असेल. याची मला आजही खंत वाटते. त्यांनी एसटीच्या पार्सलनं त्यांच्या बोअरचं दोन लिटर पाणी पाठवलं. त्या पाण्यात ब्रश फिरवला तर वाटीत पांढरा साका बसला. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यातलं कॅल्शियम साबणातलं स्टिअरिक पकडतं आणि फेस होण्याआधीच त्याचा चोथा करतं. आम्ही साबण केला होता कोल्हापूरच्या पाण्यासाठी, आणि विकत होतो महाराष्ट्रभर.

उपाय सापडायला चार महिने लागले. सायट्रिक आम्ल घालायचं आणि त्याला लागणारा पोटॅश जास्तीचा धरायचा. त्यातून होणारं सायट्रेट कॅल्शियमला आधी धरून ठेवतं. प्रमाण बसेपर्यंत अकरा खेपा झाल्या आणि प्रत्येक खेपेची एक वडी लातूरला गेली.

आता दर उन्हाळ्यात, बोअरची पातळी खाली जाऊन पाणी आणखी जड होतं तेव्हा, सर आठवणीनं एक बाटली पाठवतात. नवी खेप आम्ही आधी त्या पाण्यावर तपासतो, मगच डबीत भरतो. यंदाची बाटली एप्रिलमध्ये आली. बाबांनी त्या पाण्यातच ब्रश भिजवला आणि खिडकीपाशी बसून दाढी केली. फेस शेवटच्या हातापर्यंत टिकला. मग मी सरांना फोन लावून बाबांच्या हातात दिला.