देवचाराची दोन कार्डं

गोवा आणि दक्षिण कोकणातल्या दैवतांची नामसूची लावत होतो. एका नोंदीला एक कार्ड, त्यावर सहा रकाने : नाव जसं छापलंय तसं, मूळ लिपी, गाव, कोण म्हणतं, काम काय, आणि 'पाहा'. चौथा रकाना घाईत रिकामा सोडला जातो. त्या दिवशीचा घोळ त्यानेच घातला.

'देवचार' या नावाची सगळी कार्डं एका गठ्ठ्यात आली होती. काहींवर मजकूर : गावाचा राखणदार, हातात काठी, खांद्यावर घोंगडी, रात्री शिवेवर फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, त्याला रोट, केळी, विडी, सोरो (दारू) देतात. बाकीच्यांवर : सैतान. नोंदी भरणाऱ्याने अक्षरं सारखी पाहून एकच नोंद करून टाकली, 'राखण करणारा सैतान'.

दोन्ही अर्थ आपापल्या घरी बरोबर आहेत. हिंदू गावकरी ज्या शब्दाने राखणदाराला हाक मारतो, तोच शब्द ख्रिस्ती कोंकणीत सैतानासाठी आहे. 'वैकुंठ' मात्र 1616च्या क्रिस्तपुराणात, म्हणजे फादर स्टीफन्सने मराठीत रचलेल्या ख्रिस्तकथेत, स्वर्ग म्हणून सुखाने नांदतं. घर पसंत पडलं, राखणदार तेवढा नडला! अशी उलथापालथ जुनीच आहे म्हणा. पारश्यांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात 'अहुर' पूज्य आणि 'दएव' त्याज्य, आपल्याकडे असुर आणि देव नेमके उलटे.

मग गठ्ठा फोडला : देवचार (1) राखणदार, देवचार (2) सैतान, दोन्हींवर एकमेकांचं 'पाहा'. चौथा रकाना रिकामा असेल तिथे लिपीवरून ठरवायचं नाही, कारण रोमी (रोमन) लिपीतल्या टिपणात हिंदू घरची माहितीही असू शकते. काय देतात ते बघायचं. रोट किंवा विडी असेल तर पहिला, 'त्याच्यापासून आम्हांला सोडव' अशी प्रार्थना असेल तर दुसरा. दोन्ही नसेल तर कार्ड बाजूला, अंदाजाने भरायचं नाही.

रोमीतून नाव उतरवताना आणखी एक खोड आडवी येते. शेवटचा 'एम' हा नुसता नाकातला उच्चार असतो. तो अक्षर म्हणून वाचला की बेताळभाटीचं 'बेतालबातिम' होतं आणि गावाच्या नावातला बेताळ सूचीतून गायब. बेताळ, वेताळ, वेतोबा यांचं मुख्य कार्ड 'वेताळ' ठेवलं, पण आरवलीच्या वेतोबाचं वेगळं राहू दिलं. त्याला भल्यामोठ्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. तो तपशील मुख्य कार्डात बुडाला असता.

दिवस खाल्ला तो म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीने. चर्चमधली ती मारियामाय, म्हणजे येशूची आई, आणि लोककथेत शिरगावच्या लईराई देवीची बहीण मिराबाई. तिच्या फेस्ताला (चर्चच्या जत्रेला) दोन्ही धर्मांची माणसं येतात, तेल वाहतात. इथे (1) आणि (2) करताच येईना : मूर्ती एक, वेदी एक, तेलही एकच. शेवटी एकच कार्ड ठेवलं, 'हेही पाहा'मध्ये लईराई घातली. चौथ्या रकान्यात दोन्ही समाज मावेनात, म्हणून कार्ड उलटून मागे लिहिलं.