पाय मोडक्या अक्षरांच्या मुलखात

मोरोक्कोला जाणारी आपली मंडळी माराकेश, शेफशावेनच्या निळ्या गल्ल्या आणि वाळवंटातले उंट एवढं बघून परततात. मी अगादीरला उतरलो आणि तिथून दक्षिणेला सूसच्या मुलखात शिरलो, ते एक भाषा ऐकायला. ताशल्हीत तिचं नाव. हिच्यात स्वर नसलेले शब्द असतात असं वाचलं होतं, आणि माझा त्यावर काडीचाही विश्वास नव्हता. व्यंजनाचा उच्चार स्वराच्या साहाय्यानेच होतो, हे आपल्याला शाळेत व्याकरणाच्या तासाला घोटून घेतलेलं असतं.

अगादीरहून तिझनीतला जाणारी ग्रँड टॅक्सी सगळ्या जागा भरल्याशिवाय हलत नाही. त्या खोळंब्यात शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांशी ओळख झाली. ते प्राथमिक शाळेत अमाझिग, म्हणजे बर्बर, भाषा शिकवतात. ताशल्हीत याच कुळातली. मी मोडक्या फ्रेंचमध्ये माझी शंका मांडल्यावर त्यांनी 'त्फ्क्त्स्त्त्' असा आवाज काढला. मला वाटलं, शिंक दाबताहेत. ते एक वाक्य होतं: तू ती दिलीस. त्यात स्वर तर नाहीच, पण घोष व्यंजनही नाही. म्हणजे आख्खं वाक्य बोलताना कंठ एकदाही थरथरत नाही. मी माझ्या वहीत ते देवनागरीत उतरवलं आणि ओळीने प्रत्येक अक्षराचा पाय मोडत गेलो. मास्तरांनी वही हातात घेऊन ते तिरके फराटे निरखले आणि टॅक्सीतल्या बाकीच्यांनाही दाखवले. देवनागरीत प्रत्येक अक्षरात 'अ' गृहीत असतो आणि तो नको असेल तर मुद्दाम पाय मोडावा लागतो, ही व्यवस्था त्यांना भलतीच आवडली.

यावर विद्वानांमध्येही बरीच खडाजंगी झालेली आहे. फ्रान्स्वा डेल आणि मोहम्मद एलमेदलावी या दोघांनी 1985 साली मांडलं, की ताशल्हीतमध्ये कुठलंही व्यंजन अक्षराचा, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याचा, गाभा होऊ शकतं, अगदी 'त्' आणि 'क्'सुद्धा. एलमेदलावी स्वतः तिथल्याच इम्दलावन गावचे. त्यावर काहींनी आक्षेप घेतला, की मध्ये बारीक 'अ' येतच असणार, तुम्हाला तो ऐकू येत नाही. मग रशीद रिदुआन या आणखी एका ताशल्हीतभाषक संशोधकाने बोलणाऱ्याच्या स्वरयंत्राचं थेट निरीक्षण केलं. अघोष शब्द उच्चारताना स्वरतंतू खरोखरच हलत नाहीत असं दिसलं. माझ्या अविश्वासाचं तिथेच बारसं आणि तेरावं दोन्ही उरकलं.

खरं तर आपल्याला हे इतकं परकं वाटायला नको. संस्कृतने ऋ आणि ऌ यांना स्वरांच्या पंगतीत बसवलं. माहेश्वर सूत्रांत 'ऋऌक्' थेट 'अइउण्'नंतर येतं. 'र्' आणि 'ल्' अक्षराचा भार पेलू शकतात, हे आपल्या वैयाकरणांना पक्कं ठाऊक होतं. आपण मराठी लोक पुढे 'कृष्ण'चा 'क्रुष्ण' करून मोकळे झालो, ती गोष्ट वेगळी. ताशल्हीतने ती पंगत सगळ्या व्यंजनांना खुली केली, फक्त मानपान ठेवला. शब्दात 'आ' असेल तर पाटावर पहिला तो, मग 'इ' आणि 'उ', त्यानंतर र्-ल्, मग म्-न्, पुढे स्, झ्, ख् यांसारखे घासत निघणारे घर्षक, आणि कोणीच नसेल तेव्हा त्-क्. 'त्ख्झ्न्त्', म्हणजे तू साठवलंस. याची फोड त्ख् आणि झ्न्त् अशी होते. पहिल्या अक्षरात भार 'ख्'वर, दुसऱ्यात 'न्'वर. टॅक्सी सुटेपर्यंत मी हाच शब्द घोकत होतो आणि पुढच्या सीटवरच्या आजी मान न वळवता तो दुरुस्त करत होत्या.

स्वर तसे तीनच: आ, इ, उ. पण व्यंजनांच्या बाबतीत ही भाषा उधळी आहे. द, त, स, झ यांना एकेक जड जुळा भाऊ असतो. जीभ मागे ओढून, घसा आवळून तो उच्चारायचा. 'ब्दू' म्हणजे सुरू कर. त्यातला द जड केला की वाटणी कर. शिवाय जड व्यंजन शेजारच्या स्वरालाही आपल्याकडे ओढतं, त्यामुळे 'आ' पार 'ऑ'च्या दिशेने सरकतो. द्वित्ताचंही तसंच. 'इमी' म्हणजे तोंड आणि 'इम्मी' म्हणजे आई. हे दुहेरी व्यंजन शब्दाच्या आरंभीही येतं, तेव्हा परक्याची धडगत नसते. चारला 'क्कूझ' म्हणतात. तो पहिला दुहेरी क ऐकू येत नाही, फक्त बोलणारा क्षणभर दम धरताना दिसतो.

तिझनीतच्या अलीकडे रस्त्यालगत आर्गान तेलाची एक महिला सहकारी संस्था लागली. बायका जमिनीवर बसून एका दगडावर दुसऱ्या दगडाने बिया फोडत होत्या. आर्गानचं कवच महाकठीण. त्याला अजून पुरतं समाधानकारक यंत्र मिळालेलं नाही, असं त्यांच्यातल्या जाणत्या लल्लांनी सांगितलं. (बाईमाणसाला आदराने लल्ला म्हणायचं.) आर्गानचं हे सगळं पारंपरिक ज्ञान युनेस्कोने 2014 साली आपल्या वारसायादीत घेतलं आहे. मी मात्र आवाज ऐकत होतो. दगडांची टकटक आणि त्याच लयीत गप्पा. कागदावर खडबडीत दिसणारी भाषा तोंडातून सलग वाहते, मध्ये कुठेही ठेच लागत नाही. ठेच आपल्या कानाला लागते, कारण तो स्वर शोधत बसतो.

तिझनीत हे चांदीच्या दागिन्यांचं गाव. दागिने मी पाहिले, पण वेळ सगळा एका गाण्यांच्या दुकानात गेला. पूर्वी कॅसेटचं असलेलं हे दुकान आता पेनड्राइव्ह भरून देतं. दुकानदाराने मी भारतातला कळताच एका जुन्या हिंदी सिनेमाची चाल गुणगुणली (मोरोक्कोत हे होतंच, तयारीत राहावं), आणि मग रैसांची गाणी लावली. रैस म्हणजे फिरत्या गायकांच्या फडाचा म्होरक्या. हाताशी रिबाब, म्हणजे घोड्याच्या केसांची एकच तार असलेलं वाद्य, सोबत लोतार हे तंतुवाद्य, आणि ठेक्याला नाकूस, जो बहुतेक वेळा मोटारीच्या चाकाचा लोखंडी भाग असतो. तिझनीतच्याच परिसरातला हज्ज बेलाईद हा या परंपरेतला मोठा माणूस. 1930च्या दशकातली त्याची ध्वनिमुद्रणं आजही वाजतात.

माझा प्रश्न साधा होता: स्वर नसलेला शब्द गाणार कसा? दुकानदाराने काउंटरवर बोट आपटत 'अ लाय ला ली ला लाय' असं काहीतरी म्हणून दाखवलं. याला तालालाइत म्हणतात. कवी आधी अशा निरर्थक अक्षरांतून ओळीचा साचा बांधतो आणि मग त्यात शब्द भरतो. साचा असतो लघु-गुरूचा! माझ्या तोंडून थेट 'यमाताराजभानसलगा' निघालं. आमच्या मराठीच्या बाईंनी हे सूत्र छडी दाखवून पाठ करून घेतलं होतं, आणि अँटी अॅटलासच्या पायथ्याशी ते पहिल्यांदा उपयोगी पडलं. आपण लघु-गुरू स्वरावरून ठरवतो. इथे 'झ्न्त्' हेसुद्धा रीतसर अक्षर म्हणून मोजलं जातं आणि वृत्तात आपली जागा भरतं. 'न्' किंवा 'र्' वर आलं की गायक बिनदिक्कत सूर धरतो. 'त्' किंवा 'क्'ची पाळी आली तर एक पुसट स्वर ओझरता लागतो आणि गाणं पुढे जातं. डेल आणि एलमेदलावींनी आपल्या मताला बळकटी आणली तीही याच गाण्यांतून: गाणाऱ्याला व्याकरण ठाऊक नसलं, तरी कुठल्या अक्षराला किती जागा द्यायची ते अचूक कळतं.

तिझनीतहून केर्दूसच्या घाटाने तफराउतला जाताना पाट्या तीन लिप्यांत दिसतात: अरबी, फ्रेंचसाठी रोमन, आणि अमाझिगसाठी तिफिनाघ. गोल, चौकोन, काटे आणि ठिपके यांची ही लिपी प्राचीन लिबियन-बर्बर शिलालेखांच्या कुळातली. सहारातल्या तुआरेगांनी ती जिवंत ठेवली, इतरत्र ती विसरली गेली. मोरोक्कोने अमाझिग संस्कृतीसाठी 2001 साली शाही संस्था स्थापन केली, 2003 साली 33 अक्षरांची तिफिनाघ निवडली, त्याच वर्षी शाळांतून शिकवायला घेतली, आणि 2011च्या राज्यघटनेत अमाझिग ही अरबीच्या जोडीने अधिकृत भाषा झाली. आमच्या ड्रायव्हरला मात्र ती पाटी वाचता येत नव्हती. "माझी मुलगी वाचते," म्हणाला. बोली त्याची, लिपी मुलीची.

ही भाषा लिपी नसलेली रानटी बोली होती हा समज मात्र साफ चुकीचा. सूसचे विद्वान गेली काही शतकं ताशल्हीत अरबी लिपीत लिहीत आले आहेत. 18व्या शतकात मोहम्मद अवझाल या धर्मपंडिताने धार्मिक कायदा चक्क पद्यात बसवला, म्हणजे अरबी न जाणणाऱ्या बायाबापड्यांनाही तो पाठ व्हावा. अरबीत एरवी स्वरचिन्हं गाळतात. हे लोक प्रत्येक अक्षरावर चिन्ह देतात, आणि जिथे स्वर नाही तिथे सुकून हे 'स्वर नाही' सांगणारं चिन्ह घालतात. आपला पाय मोडण्याचाच प्रकार.

तफराउत गुलाबी ग्रॅनाइटच्या डोंगरांत आहे. शेजारच्या अम्मेल्न खोऱ्यात टोलेजंग घरं बांधलेली दिसतात आणि बरीचशी कुलूपबंद. खोऱ्यातले पुरुष पिढ्यान्पिढ्या कासाब्लांकाला आणि फ्रान्सला किराणा दुकानं चालवायला जातात, आणि उन्हाळ्यात किंवा बकरी ईदला गावी येतात. कोकणातल्या चाकरमान्याचं घर ज्याने पाहिलंय त्याला या कुलपांबद्दल वेगळं सांगायला नको. मोरोक्कोभर सूसच्या वाण्याच्या चिकटपणाचे विनोद चालतात. पण याच वाण्यांमुळे उत्तरेतल्या शहरांच्या गल्लीबोळांत ताशल्हीत ऐकू येते. 2024च्या जनगणनेत सुमारे 14 टक्के लोक ही भाषा बोलतात असं नोंदलं गेलं, म्हणजे 50 लाखांच्या घरात. अमाझिग भाषांमध्ये मोरोक्कोत हीच सगळ्यात मोठी. तरी शहरात वाढलेली नातवंडं आजीला दारिजात, म्हणजे मोरोक्कन अरबीत, उत्तर देतात. हे मी तफराउतच्या चहाच्या टपरीवरच पाहिलं. आजी तिच्या भाषेत, मुलगा त्याच्या, आणि दोघांचं भांडण उत्तम चाललं होतं.

जायचं असेल तर दोन मोसम आहेत. फेब्रुवारीच्या सुमारास बदाम फुलतो, हवा थंड असते, आणि खोली आधी ठरवलेली बरी. तफराउतचा बाजार बुधवारी. तिथे पिवळ्या-तांबड्या चामडी सपाता घ्या, आणि भाजलेले बदाम, आर्गान तेल व मध यांचं अम्लू पावासोबत खा. बरणी बॅगेत नीट गुंडाळा, तेल बाहेर येतं. पण लग्नं, रैसांचे फड आणि रात्रभर चालणारे अहवाशचे नाच बघायचे तर चाकरमानी घरी येतात तेव्हाच, रणरणत्या ऑगस्टमध्ये जावं लागेल. मी बदामाच्या मोसमात गेलो होतो. पुढच्या खेपेला ऑगस्ट.